कथा खोटी, मग जागा पवित्र कशी?

नरखेड तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या वर्धा नदीच्या काठांना कथांची कधीच वाण नव्हती. जलालखेड्याजवळ जाम वर्धेला मिळते, तिथे आमनेरचा जुना किल्ला आहे. खाली सिंभोऱ्याला विसाव्या शतकात धरण झाले, तर त्याच्या जलाशयाचे नाव ठेवले गेले नल-दमयंती सागर. पाटबंधाऱ्यांच्या कारभारालाही महाभारत सुटत नाही. आणखी खाली कौंडिण्यपूर, रुक्मिणीचे माहेर. तिथल्या उत्खननात महापाषाणकाळापासूनच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. रुक्मिणी मिळाली नाही, आणि ती फावड्याला लागेल अशी अपेक्षाही कोणी करू नये. पण मग, जागेची कथा इतिहासाच्या कसोटीला उतरत नसेल, तर त्या जागेपुढे हात जोडणारा माणूस फसलेला म्हणायचा का?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत, आणि दोन्ही अपुरी आहेत. चिकित्सक म्हणतो, फसलेलाच. अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले असे लोक सांगतात, पण तिथला शिलालेख इ. स. 1060चा, शिलाहारांच्या काळातला आहे. विदर्भात दिसेल ते काळ्या दगडाचे देऊळ हेमाडपंती ठरते. ज्याच्या नावावरून असे म्हणतात तो यादवांचा मंत्री हेमाद्री मात्र तेराव्या शतकातला, आणि ही बांधणी त्याच्या आधीपासूनची. तपशिलात चिकित्सकाचे काहीच चुकत नाही. श्रद्धाळू म्हणतो, श्रद्धेला पुरावा कशाला हवा? गंमत अशी की दोघांचे गृहीत एकच आहे: पवित्रता कथेच्या खरेपणावर उभी असते. एक कथा पाडून पवित्रता पाडू पाहतो, दुसरा पवित्रता राखायची म्हणून कथेला हात लावू देत नाही.

हे गृहीत किती कच्चे आहे ते नदीपलीकडे, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात कळते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे गुरू गोविंदप्रभू, त्यांचे हे गाव त्या पंथाचे मोठे तीर्थ आहे. इतर देवतांची उपासना नाकारणारा हा पंथ स्थानांना मात्र वंदन करतो. कारण त्याच्या दृष्टीने दगडात काही नसते. त्या जागेला ईश्वरावताराचा संबंध घडला, म्हणून ती वंद्य. आता संबंधावर सारे अवलंबून असेल, तर तो कुठे, केव्हा, कोणासमक्ष घडला हे चोख ठेवणे हेही धर्माचेच काम ठरते. ‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटाने ते केले. चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या, त्यांच्याकडे जाऊन त्याने त्या गोळा केल्या. परंपरेने सांगणाऱ्यांची नावे जपली आणि एकाच प्रसंगाचे वेगळे पाठही टाकून दिले नाहीत. चौदाव्या शतकातल्या स्थानपोथीत तर कोणते स्थान कोणत्या दिशेला, हेही नोंदलेले आहे. सातशे वर्षांपूर्वी भक्तीने चौकशीला शत्रू मानले नव्हते. आजच्या भक्ताला ती शत्रू का वाटावी, हे मला उमगत नाही.

यावर कोणी म्हणेल, चक्रधर आणि गोविंदप्रभू ऐतिहासिक पुरुष होते, त्यांना पाहणारे साक्षीदार होते. पांडवांचा साक्षीदार कुठून आणायचा? आक्षेप रास्त आहे. पण पुरावा कशाचा मागायचा हे आधी ठरले पाहिजे. याच रिद्धपुरात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा पाचव्या शतकातला ताम्रपट सापडला. ते दान रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी दिले, असे त्यात नमूद आहे. ही रामगिरी म्हणजे रामटेक, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राम तिथे थांबला होता याचा हा पुरावा नव्हे. पंधराशे वर्षांपूर्वी एक राणी तिथल्या देवापुढे नम्र झाली होती, याचा मात्र तो पक्का पुरावा आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिथे आली, रडली, नवस बोलली, दाने देऊन गेली. हा संबंध खरा आहे, आणि माझ्या मते जागा पवित्र व्हायला तो पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. असे मानले तर कोणीही जुनी कथा पुढे करून जागेवर मालकी सांगेल. तसे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संबंधातून निपजते ती जबाबदारी. कथा म्हणजे सातबारा नव्हे. हक्काचा दावा आला की शिलालेख, सनदा आणि उत्खनन यांचेच ऐकावे लागेल, आणि तिथे भक्ताने बाजूला उभे राहावे.

आणि ज्या जागेवर दगडही फारसे उरले नाहीत, तिचे काय? 30 जुलै 1991 रोजी वर्धेच्या पुराने नरखेड तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली, गाव नव्या जागी वसवावे लागले. जुन्या मोवाडच्या जागेला पांडवांची गरज नाही. तिचे साक्षीदार अजून आहेत, पण त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी पिढी आता म्हातारी होत चालली आहे. कोणते घर कुठे होते, देऊळ कुठे, बाजार कुठे भरायचा, पाणी कोणत्या बाजूने शिरले, हे तालुक्यातल्या शाळांनी आणि ग्रंथालयांनी म्हाइंभटाच्या रीतीने लिहून घ्यावे: सांगणाऱ्याला विचारून त्याच्या नावानिशी, आणि दोघांचे सांगणे जुळले नाही तर दोन्ही ठेवून.