कडेची कोरी जागा

।। जय जय रघुवीर समर्थ ।।

आजचं वाचन : दासबोध, दशक १९, समास १ – लेखनक्रियानिरूपण

मंडळी, हा समास आपण बरेचदा भरभर वाचून पुढे जातो. यात ब्रह्मनिरूपण नाही की भक्तीचे प्रकार नाहीत. अक्षर कसं काढावं, शाई कशी असावी, पोथी बांधावी कशी, हे समर्थ सांगतात. मीही इतकी वर्षं "हे आपल्यासाठी नाही, आपण कीबोर्डवाले" म्हणून पान उलटत होतो. यंदा मात्र याच समासाने मला धरून बसवलं.

त्याचं कारण सांगतो.

आमचे आबा शिंदखेड्याच्या घरात रोज रात्री जेवणं झाली की दासबोध वाचायचे. मी शाळेत असताना काकांनी त्यांचं वाचन टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलं होतं, नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटींत. वर कोणी गाणी भरू नयेत म्हणून आबांनी दोन्ही कॅसेटींच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे तुकडे स्वतः मोडले होते. ते मोडले की टेपचं रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली आणि तीन तास बसून त्या कॅसेटींच्या एमपीथ्री फाइली केल्या. मोठा पराक्रम वाटला होता. पुढे घराला रंग देताना आईने फोनवर विचारलं, "या कॅसेटी ठेवू का?" मी म्हणालो, "कशाला? सगळं कॉम्प्युटरात आहे." तिने पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी हसलो. कॅसेटी भंगारात गेल्या.

आबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात पुण्यतिथीला घरी गेलो, तेव्हा आई म्हणाली, "आबांचा आवाज लाव ना." हार्ड डिस्क जोडली. आतून टक-टक आवाज आला, पण डिस्क काही उघडली नाही. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता माझा धंदा काय, तर रोज रात्री दोन वाजता परक्या लोकांच्या डेटाचा बॅकअप नीट होतो की नाही हे बघणं! आमच्यात साधा नियम आहे : प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. नव्या पोरांना हे मी शिकवतो. आणि घरच्या ठेव्याची प्रत एक. तीही कपाटात, मोज्यांच्या खाली.

त्या रात्री झोप येईना म्हणून आबांचीच पोथी उघडली आणि हा समास निघाला. समर्थ सांगतात, पानाच्या चारी बाजूंना जागा सोडा आणि मजकूर मधे लिहा. कागदाच्या कडा झिजल्या, तुटल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. पुढे म्हणतात, तरुणपणी नजर चांगली आहे म्हणून बारीक अक्षर काढाल, तर म्हातारपणी तेच वाचता येणार नाही, मध्यम लिहा.

वाचून अंगावर काटा आला. कागद झडणार, हे समर्थांनी आधीच धरलेलं आहे. डोळे थकणार, हेही धरलेलं आहे. वस्तू टिकणार नाही असं मानूनच ते लिहायला बसवतात. मी मात्र डिस्क कायमची आहे असं धरून चाललो होतो. एवढ्या थोर ग्रंथात शाई-कागदाची गोष्ट का घातली, ते तेव्हा कळलं. नश्वराची जाण फक्त प्रवचनात ठेवायची नसते, ती हाताच्या कामात उतरली पाहिजे.

आणि हे उतरवणारे आपल्या जिल्ह्यातच झाले. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव, म्हणजे नानासाहेब देव. धुळ्यात १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा निघाली. देवांनी मठामठांतून समर्थांची आणि शिष्यांची बाडं शोधून गोळा केली. डोमगावच्या मठातली, कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत मिळवून त्यांनी १९०५ साली ती छापली. ती बाडं आजही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. शिंदखेड्याहून धुळं किती लांब? पण मी आयुष्यात तिथे एकदाच गेलो, तेही शाळेच्या सहलीत.

इथे एक प्रामाणिक कबुली देतो. डिस्क गेली म्हणून रडलो खरा, पण फाइली केल्यापासून त्या मी किती वेळा ऐकल्या? दोनदा. ब्राउझरमध्ये माझे चारशे बुकमार्क आहेत, त्यातली निम्मी प्रवचनं, "नंतर ऐकू" म्हणून ठेवलेली. साठवलं की मिळवलं, असं मनाला वाटतं. आमच्या कामात म्हण्यासारखी गोष्ट आहे : जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, तो बॅकअप आहे असं धरू नये. समर्थांचा क्रमही तोच. या समासात लिहिणं झालं, की लगेच पुढच्या समासात ते अर्थाकडे वळतात. नुसतं लिहून ठेवणाऱ्याला ते तिथे थांबू देत नाहीत.

सकाळी आईला खरं सांगितलं. मान वर करवत नव्हती. ती वाती वळत होती. एवढंच म्हणाली, "काय व्हयनं, भाऊ? इतकं काय?" आणि तिने तोच समास तोंडपाठ म्हणायला घेतला. तीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकलेला. चाल आबांची, थांबायच्या जागा आबांच्या. मधेच थांबून आबा विचारायचे तसं तिने विचारलं, "समजलं का?"

आबांचा आवाज गेला तो गेलाच. त्याला पर्याय नाही, आणि आईच्या म्हणण्याने तो परत आला असंही मी म्हणणार नाही. ती चूक माझ्या नावावर आहे. पण आबांनी जे दिलं होतं, ते जिने रोज ऐकलं तिच्यापाशी राहिलं. ज्याने साठवलं त्याच्यापाशी नाही.

आईचं म्हणणं आता भरून घेतलंय. तीन प्रती केल्या, एक बहिणीकडे नाशिकला. आणि रोज एक समास मोठ्याने वाचायला लागलोय, माझा मुलगा शेजारी खेळत असतो तेव्हा.

आजचा नेम : घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला आज काहीतरी म्हणायला सांगा. भरून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. आणि साठवून ठेवलेल्यातलं एक तरी आज उघडून पूर्ण ऐका.

।। जय जय रघुवीर समर्थ ।।