न हाताळलेले

जुन्या कॉमिकची पारख करणारा आधी पाने मोजतो. मग पिनांवरचा गंज पाहतो, कण्यावरच्या बारीक चिरा, मुखपृष्ठाचे कोपरे. कथा तो वाचत नाही.

अमेरिकेत या पारखीतून अर्ध्यापासून दहापर्यंतचा एक आकडा निघतो. आकडा मिळाला की अंक पारदर्शक प्लास्टिकात बंद होतो. पेटी उघडली तर आकडा रद्द. मान टिकावा म्हणून माणसेही बरेच काही न करण्याचे कबूल करतात.

'द इन्क्रेडिबल हल्क'चा १८१ वा अंक १९७४ चा. किंमत २५ सेंट. वुल्व्हरिन हा सुपरहीरो पूर्ण कथेत पहिल्यांदा येतो तो यात, म्हणून चांगल्या प्रतीला आज हजारो डॉलर पडतात. त्यात वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक लहानसे चित्र-तिकीट छापलेले होते. ते कापून वहीत चिकटवा, असे प्रकाशकानेच मुलांना सांगितले होते. शंभर तिकिटांचा संच होता, कात्री चालणारच. आज जाणकार गिऱ्हाईक सर्वांत आधी ते पान उघडते. चौकट रिकामी असेल तर भाव कोसळतो.

कापलेल्या कडेवरून कापणाऱ्याचे वय कळते. तशी वाकडी कड मला ओळखीची आहे.

सांगितले तसे वागणाऱ्या मुलाचा अंक मातीमोल झाला. आळशी मुलाचा अंक ठेव ठरला. आज्ञा पाळण्याचा खर्च आज्ञा देणाऱ्याच्या खात्यावर क्वचितच पडतो.

फाटलेला अंक बाजार पदरात घेतो. डागडुजी केलेल्याची मात्र गय करत नाही. तुटक्या कोपऱ्याला कागद जोडला, उडालेल्या रंगावर रंग भरला, की जांभळे लेबल लागते आणि भाव उतरतो. दोष चालतो, झाकलेला दोष चालत नाही. माणसांची पारख करताना आपला नियम नेमका उलटा असतो.

मुखपृष्ठावर एखाद्या मुलाने आपले नाव लिहिले तर तो दोष. चित्रकाराने लिहिले तर मोलात भर. पण तेही शक्यतो प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या साक्षीदारासमोर. चित्रकाराने घरी बसून आपुलकीने केलेली सही, साक्षीदार नसेल तर, बरेचदा मुखपृष्ठावरची शाई एवढीच उरते. खरेपणाला पाहणारा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. कितीतरी अंक त्यात गेले. जे राहिले ते कुणाच्या तरी माळ्यावर विसरले गेले होते म्हणून. त्यांना आता दुर्मीळ म्हणतात. दुर्मीळ होण्यात उरलेल्याचे कर्तृत्व थोडेच असते, हे वयोवृद्धांच्या सत्कारातही कुणी बोलत नाही.

सुपरमॅनचे हक्क त्याचे जनक जेरी सीगेल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरना देऊन टाकले. इतर कामाच्या पैशांसह ती रक्कम ४१२ डॉलरच्या एकाच धनादेशात आली. २०१२ मध्ये तो वटलेला धनादेश लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना गेला. त्यावर बँकेचे शिक्के आहेत, पाठीवर दोघांच्या सह्या. या शाईला कुणी डाग म्हटले नाही.