हसवणाऱ्या हाताची मजुरी

व्यंगचित्र बघायला पाच सेकंद पुरतात. वाचक हसतो, पान उलटतो आणि पुढे जातो. त्या पाच सेकंदांमागे किती काम असतं, याचा हिशेब मराठी समाजाने कधी मांडलाच नाही. विनोदाची आपल्याला आवड आहे. विनोद काढणाऱ्याचं घर कशावर चालतं, हे मात्र आपण विचारत नाही. मला हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरावर या कलेचं पुढचं आयुष्य ठरणार आहे.

आधी काम काय असतं ते पाहू. शि. द. फडणीस यांचं ‘मोहिनी’च्या 1952 सालच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घ्या. बसच्या थांब्यावर एक तरुणी आणि एक तरुण उभे आहेत. तिच्या साडीवर उंदरांची नक्षी, त्याच्या शर्टावर मांजरांची. चित्राखाली एक शब्द नाही. आता यातलं काहीही हलवून पाहा. दोघं ओळखीची दाखवली, तर मजा संपते. साडीवरचे उंदीर मोठे केले, तर ते कापडावरून सुटून येतात आणि चित्र भडक होतं. हे सगळं जागेवर बसण्याआधी कितीतरी कच्ची रेखाटनं कागदावर उतरतात आणि टाकली जातात. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या खेड्यात 1925 साली जन्मलेल्या या चित्रकाराने वयाची शंभरी गाठेपर्यंत शब्दांवाचून हसवण्याचा ध्यास धरला. सहज दिसणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि तिच्यामुळेच त्याची किंमत कमी धरली जाते.

अर्कचित्राचं कामही तितकंच कठीण. नाक मोठं केलं की झालं, असा सर्वसाधारण समज आहे. तसं असतं तर चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आमच्या अमडापुरात बाजाराच्या दिवशी शंभर अर्कचित्रं आयती मिळाली असती. खरा चित्रकार तिथे वेगळंच पाहील. सोयाबीनचा कट्टा काट्यावर चढतो, तेव्हा मापाड्यापेक्षा शेतकऱ्याकडे बघा. त्याची मान खांद्यांतून पुढे येते, खालचा ओठ आत ओढला जातो, भुवया वर जातात आणि नजर काट्यावरच्या लाल आकड्यांना चिकटते. आकडे थांबेपर्यंत श्वासही थांबलेला असतो. अर्कचित्रकार त्याचे कपडे, मिशी, पाठीमागचा ट्रक असं सगळं सोडून देईल आणि ती मान हातभर लांब करेल. त्या लांबलेल्या मानेत वर्षभराची धास्ती मावते. काय वाढवायचं हे नंतर येतं, काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं न्याहाळावी लागतात, आणि न्याहाळण्याचे तास कोणत्याही बिलात लिहिता येत नाहीत.

मग हे तास मराठी चित्रकारांनी कुठून आणले? बहुतेकांनी ते नोकरीतून उरलेल्या वेळेतून काढले. वसंत सरवटे एसीसी कंपनीत स्थापत्य अभियंता होते. जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ला चेहरा देणारा, पुलंच्या लेखनाला साजेशी रेषा शोधणारा आणि ‘ललित’च्या मुखपृष्ठांवर साहित्यिकांची जत्रा भरवणारा हा माणूस दिवसा सिमेंटच्या जगात होता. विदर्भातले मनोहर सप्रे चंद्रपुरात तत्त्वज्ञान शिकवत, व्यंगचित्रं काढत आणि काष्ठशिल्पं घडवत. या कलेचा मोठा आधार म्हणजे दिवाळी अंक. पण दिवाळी वर्षातून एकदाच येते, किराणा दर महिन्याला भरावा लागतो.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. नोकरी होती म्हणूनच सरवट्यांना कोणाची मर्जी सांभाळावी लागली नाही. पोट कुंचल्यावर असतं तर संपादक सांगेल तसं काढावं लागलं असतं, असं म्हणता येईल. यात तथ्य आहे. मिंधा झालेला विनोदकार निकामी होतो. फ्रान्सच्या राजाला खादाड राक्षसाच्या रूपात काढल्याबद्दल फ्रेंच व्यंगचित्रकार दोमिएला 1832 साली तुरुंगात जावं लागलं होतं. तुरुंग निदान उघड दिसतो. मिंधेपणा दिसतही नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ पन्नासहून अधिक वर्षं वाचकांसमोर उभा राहिला, कारण वृत्तपत्राने चित्रकाराला रोजची जागा आणि रोजचा पगार दिला होता. पूर्णवेळ कामामुळे हात तयार होतो आणि काळाची नोंद अखंड राहते. उरलेल्या वेळेतून एखाददुसरा सरवटे घडतो. परंपरा त्या भरवशावर सोडता येत नाही.

आज वृत्तपत्रांतली जागा आटली आहे. चित्रकार लग्नांत आणि कंपन्यांच्या समारंभांत पाहुण्यांना समोर बसवून पाच-दहा मिनिटांत अर्कचित्रं काढून देतात, पुस्तकं सजवतात, जाहिराती करतात. हे सचोटीचं काम आहे, त्यात कमीपणा नाही. पण पैसे देऊन स्वतःचं चित्र काढून घेणाऱ्याला आपण गोड दिसावं असंच वाटतं. गावच्या पुढाऱ्याने स्वतःच्या वाढदिवसाच्या फलकासाठी मागवलेल्या चित्रात त्याची खोड कधीच येणार नाही. म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवायचं, त्याच्याच खिशातून मजुरी आली तर बोट वाकडं होतं. ती अनेकांच्या खिशातून थोडी थोडी आली, तर सरळ राहतं.

इथे अमडापूरसारख्या गावाचा संबंध येतो. बल्लाळदेवीच्या या गावात माणसाची लकब हेरून त्याची हुबेहूब नक्कल करणारे पारावर आजही भेटतात. म्हणजे नजर आहे आणि दादही आहे. मात्र ज्या पोराचा हात चालतो, त्याला ऐकावं लागतं, “भाऊ, माहं बी काढून दे ना, दोन मिन्टाचं तं काम हाय.” निंदणाऱ्या बाईला आपण रोज देतो, कारण तिचे कष्ट घामात दिसतात. चित्राचे कष्ट दिसत नाहीत, म्हणून ते फुकट धरले जातात.

दुसरा अन्याय मोबाइलवर होतो. रोज कितीतरी व्यंगचित्रं गटागटांतून फिरतात आणि अनेकांच्या कोपऱ्यातली सही कापलेली असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने कलावंताला हयातभर आणि पश्चात 60 वर्षं हक्क दिला आहे. तो हक्क विकला, तरी चित्र माझं आहे असं सांगण्याचा अधिकार त्याच्यापाशीच राहतो. त्यात भर म्हणजे आता फोटो दिला की यंत्र अर्कचित्र काढून देतं. तेही नाक वाढवतं. पण फोटोतल्या माणसाने काल ग्रामसभेत काय केलं, हे यंत्राला ठाऊक नसतं. गावाची नस ज्याला कळते, तो माणूस तिथे राहणाराच हवा, आणि तिथे राहायचं तर त्याला जगता यायला हवं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शाळेच्या भिंतीवर चित्र काढून घेतलं तर रंगाबरोबर हाताचेही पैसे द्या. वाचनालयाने दिवाळी अंक विकत घ्यावेत. चित्र पुढे पाठवायचं असेल तर सहीसकट पाठवा. आणि कधी त्या चित्रात आपलीच मान लांब झालेली दिसली, तरी अंकाची वर्गणी बंद करू नका. ज्या दिवशी आपण स्वतःवरच्या हसण्यासाठीही पैसे मोजू, त्या दिवसापासून हा व्यवसाय खऱ्या अर्थाने उभा राहील.