हाक आणि वास

आजचा श्लोक गीतेतला, अध्याय 3, श्लोक 33. ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, मग नुसत्या निग्रहाने काय होणार, असं भगवंत विचारतात.

आता बीगल कुत्रा घ्या. सशाचा माग काढण्यासाठीच जोपासलेली ही जात. नाक जमिनीला, डोकं स्वतःचं! त्यामुळे बागेत खारीचा वास लागल्यावर तो हाकेला येत नाही, याला हट्टीपणा म्हणणं मला तरी अन्याय वाटतो. पण फाटकाबाहेर रस्ता आहे, आणि टेम्पोला कुणाची प्रकृती कळत नाही. म्हणजे हाकेला यायला शिकवणं भागच आहे.

प्रश्न एवढाच, की त्याची इच्छा मोडायची का? पट्ट्याला हिसडे दिले तर तो थांबतो, पण पट्टा असेपर्यंतच. त्यापेक्षा छातीपट्ट्याला लांब दोरी लावा. हाकेचा सराव आधी घरात, मग पार्किंगमध्ये, मग बागेत, खारींपासून लांब. आला की खाऊ द्या, आणि (इथेच बहुतेक जण चुकतात) परत हुंगायला सोडा. त्याच्यासाठी तेच मोठं बक्षीस. उशिरा आला तरी ओरडू नका, नाहीतर आपल्याकडे येणं म्हणजेच शिक्षा, असं तो समजेल.