एक कॅमेरा, चार पाळ्या

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एक टर्नर होता. दिवसा लेथवर बोल्ट कातायचा, रात्री आकाश पाहायचा. पण बोईसरचं आकाश दिव्यांनी नारंगी झालेलं. त्यात मृगाचा बाण दिसला तरी नशीब. त्याला तीन सोबती मिळाले. पालघरचे एक गुरुजी, तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका आणि सातपाटीच्या एका कोळ्याचा मुलगा. गुरुजींनी तरुणपणी वांगणीला खगोल मंडळाच्या कार्यक्रमात रात्री जागवल्या होत्या, म्हणून ताऱ्यांची नावं तेच सांगत.

चौघांकडे चार जुने कॅमेरे होते आणि चौघांना फोटो हवा होता एकाच गोष्टीचा: मृगाच्या बाणाखालचा तो अंधूक तेजोमेघ. त्याचा प्रकाश निघून सुमारे १,३०० वर्षं झालेली.

पण पृथ्वी फिरते. कॅमेरा अर्धा मिनिट उघडा ठेवला की ताऱ्याची रेघ होते. टर्नरने त्यावर यंत्र केलं. दोन फळ्या, एक बिजागरी आणि बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरवर एक मिलिमीटर आट्याचा बोल्ट. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची, बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवायचा. वरची फळी आकाशाच्या चालीने उचलली जाते. युक्ती स्कॉटलंडच्या जॉर्ज हेगची, १९७५ सालची. बोल्ट मात्र बोईसरचा.

कार्तिकातल्या अमावास्येला चौघे मनोर, विक्रमगड करत जव्हारच्या अलीकडे एका पाड्यावर गेले. एका म्हातारीने आपलं खळं मोकळं करून दिलं. यंत्र एक, कॅमेरे चार. एक काढून दुसरा लावला की फळी हलायची आणि जेमतेम वीस अंशांवरचा ध्रुव पुन्हा शोधावा लागायचा. पहाटेपर्यंत प्रत्येकाच्या पदरात पडले सोळा फोटो. सगळे दाणेदार, रवा सांडल्यासारखे. मला अजून तासभर मिळाला असता तर, असं प्रत्येकाच्या मनात. परतताना मनोरला चहा झाला, पण कोणी फारसं बोललं नाही.

काकांनी वहीत हिशेब मांडला. "सोळा फोटो एकावर एक रचले, तर दाणे चौपट कमी होतात. २५६ रचले, तर सोळापट."

"इतके एका रात्रीत?"

"कॅमेरा एकच लावला तर."

लेन्स गुरुजींची बरी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी मुलगा म्हणाला, "मग आम्ही काय करायचं?"

"पाळ्या लावायच्या," टर्नर म्हणाला. त्याचा जन्म पाळ्यांतच गेला होता.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला खळ्यावर एकच कॅमेरा लागला. एकाने बोल्ट फिरवायचा, नजर सेकंदकाट्यावर. त्याला वर पाहायची सोय नाही. एकाने दोन फोटोंच्या मधे लेन्सवरचं दव टिपायचं, एकाने बटण दाबायचं, एकाने कांबळ्यात शिरायचं. काकांचा हात कापायचा, म्हणून बोल्टाऐवजी मोजणी त्यांच्याकडे. मध्यरात्रीनंतर बोल्टावर बसलेल्या मुलाला डुलकी लागली आणि तीन फोटोंत रेघा आल्या. त्याने आपणहून सांगितलं. "तीन जास्तीचे काढू," एवढंच म्हणून काकांनी आकडा खोडला.

फोटो असे रचले की प्रकाश प्रत्येक वेळी त्याच जागी पडतो, दाणे मात्र दर फोटोत जागा बदलतात. म्हणून प्रकाश साचत जातो आणि दाणे एकमेकांत विरतात. चौघांच्या चुकाही चार तऱ्हांच्या होत्या. ओढ तेवढी एक होती.

पुढच्या खेपेला त्यांनी म्हातारीला तो फोटो नेऊन दिला. काळ्या आभाळात गुलाबी पंख पसरलेले. तिने तो कंदिलाजवळ धरला आणि विचारलं, "कोणी काढला?"

गुरुजींनी मुलाकडे बोट दाखवलं, मुलाने टर्नरकडे, टर्नरने काकांकडे. काकांचं लक्ष नव्हतं. ते त्या रात्रीच्या पाळ्या लिहीत बसले होते.