शून्य दलालीचा हिशेब

शेअर दलालाला जुन्या काळी दोन गोष्टींचे पैसे मिळत: भाव माहीत असण्याचे आणि पत असण्याचे. मुंबईत टाउन हॉलजवळच्या वडाखाली जमणाऱ्यांनी १८७५ साली आपली संघटना बांधली, ती याच भांडवलावर.

१९९५ साली मुंबई शेअर बाजाराच्या रिंगमधला आरडाओरडा थांबला आणि भाव पडद्यावर आला. जो भाव सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो, त्याची खबर विकत कोण घेणार?

पत असण्याचं भांडवल २०१९ नंतर ओसरलं. गिऱ्हाइकांचे शेअर परस्पर गहाण टाकल्याचा ठपका बाजाराची नियामक सेबीने कार्वी या दलाली कंपनीवर ठेवला आणि पुढे नियमच बदलले. मार्जिनसाठी द्यायचे शेअर आता गिऱ्हाइकाच्याच डीमॅट खात्यात राहून तारण होतात. झालं ते बरंच झालं. पण लबाडी करणं अवघड झालं की सचोटीचाही भाव उतरतो.

ज्यांच्यात फरक उरत नाही, ते दरावर भांडतात.

झिरोधा ही दलाली कंपनी २०१० साली टक्केवारीची पद्धत मोडून ऑर्डरमागे वीस रुपये दर घेऊन आली आणि २०१५ च्या अखेरीस डिलिव्हरीची, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवण्याच्या सौद्यांची, दलाली तिने शून्य केली. मग जुन्यांनाही खाली उतरावं लागलं. आज एखाद्या डिस्काउंट ब्रोकरकडून लाख रुपयांचे शेअर घ्या आणि रात्री ई-मेलवर आलेली काँट्रॅक्ट नोट उघडा. एसटीटी (रोखे व्यवहार कर) १०० रुपये, मुद्रांक शुल्क १५, बाजाराचे जेमतेम तीन, सेबीचे दहा पैसे. दलालीच्या रकान्यात ०.००. सौदा करून देणारा सोडून सगळ्यांना काही ना काही मिळालं.

मग दलाल जेवतो कशावर? चकणा फुकट मिळतो तिथे बिल कशाचं येतं, हे परमिट रूममध्ये बसलेल्याला सांगावं लागत नाही.

ऑप्शनच्या ऑर्डरला वीस रुपये पडतात. नफा होवो की तोटा, वीसच. दहा हजारांच्या भांडवलावर कोणी दिवसात दहा वेळा घेऊन विकलं, तर चारशे रुपये नुसत्या दलालीत गेले. एका दिवसात चार टक्के. मुदत ठेवीत तेवढं मिळायला सात-आठ महिने लागतात.

टक्केवारीचा दलालही गिऱ्हाइकाला स्वस्थ बसू देत नसे. फरक इतकाच की त्याला त्यासाठी फोन करावा लागे. आता मोबाइलच थरथरतो.

स्वस्ताईने शहाण्याचा फायदा झाला, हे मान्यच करायला हवं. शेअर घेऊन दहा वर्षं विसरून जाणाऱ्याला इतका स्वस्त बाजार पूर्वी कधी मिळाला नव्हता. पण त्याच्यावर दलालाचं पोट भरत नाही. शहाण्याची सोय होते, ती उतावळ्याच्या खर्चाने.

तो खर्च सेबीने मोजला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून दलालांना उलाढालीनुसार बाजाराकडून मिळणारी सूट बंद झाली. गिऱ्हाइकाकडून पूर्ण आकार घ्यायचा, बाजाराला कमी भरायचा आणि मधला फरक ठेवायचा, ही कमाई गेली. नोव्हेंबरपासून प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकाची आठवड्याची एक्स्पायरी उरली आणि निर्देशांकाच्या नव्या काँट्रॅक्टचं मूल्य किमान १५ लाख झालं. ज्या धंद्याचं उत्पन्न एका परिपत्रकाने आटतं, त्याने स्वतःला स्वावलंबी म्हणवून घेऊ नये.

२०२० च्या मार्चमध्ये डीमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती. २०२५ मध्ये ती वीस कोटींवर गेली. या आकड्याला बाजाराची वाढ म्हणतात. खातं उघडायला काही मिनिटं लागतात. गुंतवणूकदार व्हायला एक मंदी तरी पाहावी लागते.

पुढची स्पर्धा दरावर होणार नाही, कारण शून्याच्या खाली दर जात नाही. ती होईल उधारीच्या व्याजावर, म्युच्युअल फंडांवर, सल्ल्यावर आणि बाजार कोसळतो त्या सकाळी कोणाचं अ‍ॅप चालू राहतं यावर.

दलालाच्या जाहिरातीत गिऱ्हाइकांची संख्या असते. पाच वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी आज किती उरले, तो आकडा तो स्वतःहून छापत नाही. धंद्याचं भविष्य मात्र त्याच आकड्यात आहे. नवं गिऱ्हाईक जाहिरातीने येतं. जुनं टिकतं ते त्याच्या खात्यात पैसे उरले तरच.