रुईच्या पानावरचा नाकतोडा

सुंदर छायाचित्रासाठी एखाद्या किड्याला थोडा त्रास दिला, तर त्यात एवढे काय बिघडले? प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला होता.

झाशीत रुई कुठेही उगवते. आमच्या मराठी घरातून शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ जाते. पाने तोडताना नीट पाहा, एक वस्तीच दिसेल. पानाखाली बिबळ्या कडवा फुलपाखराचे एकुलते अंडे, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची त्याची अळी, आणि पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा देखणा नाकतोडा. रुईचा चीक विषारी. अळी ते विष अंगात साठवते आणि त्यावरच पक्ष्यांपासून वाचते.

इतक्या जवळून फोटो काढताना जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. किडा हलला की संपले. म्हणून काही जण त्याला फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात. गेल्या वर्षी मीही एक नाकतोडा डब्यात घालायला पकडला. त्याने झटका दिला आणि मागचा एक पाय माझ्या चिमटीत राहिला. पूर्ण वाढलेल्या नाकतोड्याला तो पुन्हा फुटत नाही. मी दुसऱ्या बाजूने फोटो काढला. सगळ्यांनी वाखाणला.

आपण म्हणाल, डास मारतोच की! मारतो. पण डास मारून आपण त्याच्यावरचे प्रेम मिरवत नाही. मी फोटोखाली ‘सृष्टीचे सौंदर्य’ असे लिहिले होते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. खर्च लपवून नफा दाखवणे म्हणजे काय, हे मला परीक्षेत लिहिता येते. शिवाय त्याच आठवड्यात एका लेखाचा अनुवाद करताना ‘प्राणिमात्र’ हा शब्द मी कितीदा तरी टाइप केला होता.

फोटो काढूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. जवळून पाहिले नसते तर ही वस्ती मला कळलीच नसती. गार पहाटे गेलात तर किडे आपोआपच सुस्त असतात, कारण त्यांच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर असते. लवकर उठावे लागते आणि बरेच फोटो वाया जातात, एवढेच.

आजी माळेसाठी प्रत्येक पान उलटून बघते, अंडे असले तर सोडून देते. मला त्यात मोठी अहिंसा दिसली. ती म्हणाली, “अरे, मारुतीला किडकी पानं कशी वाहायची?”

तो फोटो मी काढून टाकलेला नाही. खालची ओळ तेवढी बदलली: याचा पलीकडचा पाय माझ्या हातून तुटला आहे.